ओरेस्टची पाळी

बर्फ वितळून पंधरा दिवस झाले तरी रानात घोटाभर चिखल होता. पेरणी अडलेली, ट्रॅक्टर घालायची सोय नाही, म्हणून गावातले सगळे बाप्ये गव्हाच्या कोठारावर कॉफी पीत बसायचे. मलाही तिथं ने, असं म्हणत माझा धाकटा भाऊ ओरेस्ट सकाळीच हटून बसला, अन् आमचं वाजलं.

सहा वर्षं त्याच्या डोक्यात माणसं बोलायची. सास्काटून शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती गप केली. पण गोळी काही चारचौघांत बसायला शिकवत नाही. त्यासाठी तिथली नर्स दर गुरुवारी वर्ग घ्यायची, अन् घरी सरावाला मी.

"सराव लई झाला, दादा," तो म्हणाला. "आता खऱ्या माणसांत बसू दे."

नेलं. त्यानं म्हाताऱ्या स्टेफानला गुडघ्याचं विचारलं, उत्तर नीट ऐकून घेतलं, योग्य जागी हसला. माझा ऊर भरून आला.

मग फासे निघाले. पेल्यात घोळवून टाकायचे, ज्याला सगळ्यात कमी पडतील त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची, हा तिथला रोजचा रिवाज. पेला माझ्याकडं आला, पुढचा नंबर ओरेस्टचा. गोळ्यांनी त्याचा हात कापतो. फासे सांडतील, लोक हसतील, म्हणून मी पेला त्याच्या हाती दिलाच नाही. "ह्याचंबी मीच टाकतो," म्हणालो अन् टाकले. खरं सांगायचं तर कुणी हसणार नव्हतं. लाज माझीच होती.

परतताना गाडी चिखलात रुतली. चाकाखाली फळी सारायला दोघं वाकलो, तसा तो सरळ उभा राहिला. मनाला लागलेलं न भांडता सांगायचं, हा वर्गातला सगळ्यात अवघड धडा. सहा महिन्यांत त्याला तो एकदाही जमला नव्हता.

"दादा, माझी पाळी व्हती," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "तू माझे फासे टाकलेस तवा मला लई वाईट वाटलं. फुडल्या खेपेला माझ्या हातात दे. सांडलं तर मी उचलंन."

कुठं अडखळला नाही. नजर खाली गेली नाही. नर्सनं त्याची पाठ थोपटली असती.

आता बोलायची पाळी माझी होती. मी चिखलानं भरलेल्या हातांनी परत वाकलो अन् फळी चाकाखाली सारू लागलो. चुकलो असं म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.