भेदराच्या बियांची लोटकी

माझ्या तोंडावर पांढरी साय धरली, तिथंच सुभद्रेच्या मनात पाल चुकचुकली.

मी मैनाबाईंच्या परसातली मातीची लोटकी बोलतेय. कौंडण्यपूरच्या जत्रेतून मैनाबाईंनी मला आणलं ते भेदराच्या बियांसाठी. तुम्ही शहरातले लोक टोमॅटो म्हणता ना, ते आमचं भेदरं.

मैनाबाईंचं भेदरं चपटं, फाका पडलेलं, पातळ सालीचं. सगळ्यात जोमदार झाडाच्या फळाला त्या चिंधी बांधायच्या. ते कुणी खुडायचं नाही. पिकून मऊ झालं की माझ्यात कुस्करून तीन दिवस आंबवायच्या. साय धरली की चिकट गर सुटतो, बी तळाला बसतं. मग धुऊन, राख चोळून सुपात वाळवायचं. चौदा वर्षं असंच चाललं. पण घरात आलेल्या सुनेला, सुभद्रेला, त्यांनी कधी जवळ बसवून हे दाखवलं नाही.

यंदा फळं कुस्करली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा दमा बळावला. मुलगा उत्तमराव त्यांना बैलगाडीतून अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन निघाला. गाडीतून त्या ओरडल्या, "सुभद्रे, ते लोटकी..." पुढचं खोकल्यानं गिळलं.

"हो, पाहते मी," सून म्हणाली. काय पाहायचं ते विचारायला लाजली.

सुभद्रा कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, पण कौलावर निंबोळी पडली तरी दचकायची. त्यातून गावात पटकीची साथ. साय पाहून तिला आरोग्यशास्त्राचं पुस्तक आठवलं. पदर नाकाला लावून तिनं मला उकिरड्यावर उपडं केलं, वर उकळतं पाणी ओतलं. मग मला परत परसात आणून ठेवलं. अगं बाई, हा कुजल्याचा वास नव्हे, एवढं तरी मला बोलता यायला हवं होतं!

चार दिवसांनी उत्तमरावांचं कार्ड आलं. तिनं अंगणात उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. "आईला उतार आहे. एकच विचारते, बी धुऊन राखेत घातलं का? झाडं उपटून टाकली, आता तेवढंच बी राहिलं आहे."

ती उकिरड्याकडे धावली. कोंबड्यांनी तो कधीच उकरला होता. परत येऊन तिनं मला उचललं, आत बोट फिरवून पाहिलं, आणि मी तिच्या हातून निसटले. काठाचा टवका उडाला. माझं काही नाही हो, मातीचीच मी. पण चौदा वर्षांचं बी?

कुंपणापलीकडे माणिकबाईंचा मळा. त्यांनी एकदा बी मागितलं, तर मैनाबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, "माह्याच बाजारात माह्यंच भेदरं इकशीन?" तेव्हापासून सहा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद.

"माणिककाकू!" सुभद्रेनं हाक मारली. तिकडे मोट चालली होती. दुसरी हाक मोटेच्या कुरकुरीत बुडाली. तिसरी मारताना तिला रडूच फुटलं.

मोट थांबली.

"काय वं कॉलेजवाली? घराले आग लागली काय?"

"काकू, माझ्या हातून आत्याबाईंचं भेदराचं बी गेलं. सगळं."

पलीकडून आवाज आला, "तुह्या सासूनं मले एक बी देल्लं नाही. म्या तिचंच भेदरं बाजारातून इकत आनलं अन् त्याचंच बी लावलं, अजूनही मळ्यात हाये. रडून काहून राह्यली? फाटकाकून ये, कुंपनाचे काटे लागतीन."