सरळ कुंपण

तळ्याच्या सांडव्यावरून पडणारी बारीक धार तिनं काचेच्या बाटलीत धरली आणि उजेडात उचलून पाहिली. सकाळी एवढा झोडपून पाऊस झाला, तरी पाणी नितळ! बाटलीपलीकडचा पंपवाला मिशीसकट साफ दिसत होता.

"घ्या बाई," तो म्हणाला, "आता साहेब हे पितीलसुद्धा."

"पिऊ नका म्हणावं. पोट बिघडलं तर खापर माझ्याच डोक्यावर फोडतील."

बंद पडलेल्या खाणीवरची ती सुपरवायझर. खोदताना उपसलेल्या मातीचा अख्खा डोंगर तिथं उभा होता. त्यावर गवत पेरायचं आणि ते मूळ धरेपर्यंत पावसानं धुपलेला गाळ खाली जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. त्यासाठी उतारावर जाड कापडाचं कुंपण घातलं होतं आणि पायथ्याशी गाळ बसायला तळं. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, खाली, तिच्या वडिलांचं घर होतं. वडील जातिवंत गवंडी, घर स्वतःच्या हातानं बांधलेलं. शेजारी घर सोडा म्हणत, तेव्हा म्हातारा एकच उत्तर देई, "वर माझी लेक आहे." लेकही कमी नव्हती. तिनं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "मी असेपर्यंत तुमच्या अंगणात चमचाभर गाळ यायचा नाही, बाबा."

बाटलीला बूच लावता लावता तिची नजर तळ्यातल्या खुणेच्या खांबाकडे गेली. एवढ्या पावसात बुडायला हवा होता तो लाल पट्टा कोरडा होता. तळं जेमतेम वीतभर चढलं होतं.

डोंगरावर पडलेलं एवढं पाणी तळ्यात आलंच नाही, मग गेलं कुठं? पाणी नितळ होतं, कारण गाळ इकडे फिरकलाच नव्हता.

"बाई, काय झालं?" पंपवाल्यानं विचारलं. ती तोवर बाटली त्याच्या हातात कोंबून चढाला लागली होती.

कुंपण जागच्या जागी उभं होतं. खुंटी हलली नव्हती, कापड फाटलं नव्हतं. इंजिनियरनं ते कुठून न्यायचं हे चुन्याच्या फक्कीनं आखून दिलं होतं. रेघ डोंगराच्या अंगाअंगानं वळत गेली होती, कारण ती सगळीकडे एकाच उंचीवर हवी. मग पाणी कुंपणाशी थबकतं, गाळ तिथंच बसतो आणि उरलेलं पाणी पाझरून तळ्याला मिळतं. पण गवंड्याच्या लेकीला ती रेघ दारुड्याच्या चालीसारखी दिसली. आज पाहणीला पाहुणे यायचे होते. काल इंजिनियर मुख्य कचेरीत गेलेला पाहून तिनं खुंट्या उपटल्या आणि दोरी ताणून सरळ रेषेत पुन्हा ठोकल्या. दोरी सरळ तर काम सरळ, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. कामावरच्या सगळ्यांनी वाहवा केली होती.

सरळ झालेल्या कुंपणाचं एक टोक खाली गेलं होतं. पाणी थबकलंच नाही. त्या पक्क्या, जमिनीत नीट गाडलेल्या कापडाच्या कडेनं ते पन्हळीतून जावं तसं धावलं आणि खालच्या टोकाशी पुरुषभर खोल घळ पाडून उतरलं. घळीच्या तोंडाशी वडिलांच्या घराचं छप्पर दिसत होतं.

"बाबा!" ती ओरडली.

ती धावली, घसरली, हातांवर आपटली, पुन्हा उठली. दार गाळानं जाम झालं होतं. ती खिडकीतून आत शिरली.

वडील टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. खाट गाळात बुडाली होती. गाळावर डोंगरावरचं बी झाकायला पसरलेल्या पेंढ्याच्या काड्या तरंगत होत्या आणि तिनं पेरलेलं, हिरवा रंग लावलेलं गवताचं बी.

"बाहेर का नाही पडलात?" तिला रडू फुटलं.

"कशाला पडू? तूच म्हणालीस ना, गाळ यायचा नाही?" त्यात टोमणा नव्हता, हेच तिला सोसवेना. "आला तेव्हा वाटलं, आपल्या डोंगराचा नसेल हा. दुसरीकडून कुठून तरी आला असेल."

तिनं गाळावरचं हिरवं बी चिमटीत उचललं.

"कुणाचा गं हा गाढवपणा?" ते म्हणाले. "शोधून काढ. सोडू नकोस त्याला."

खिशातला फोन वाजला. इंजिनियर होता. "पंपवाल्यानं बाटली दाखवली. काय झकास पाणी आहे! पाहुणे खूश आहेत. तुम्ही कुठं आहात?"

"त्यांना तळ्यावर थांबवू नका," ती म्हणाली. "माझ्या वडिलांच्या घरी आणा. फावडी घेऊन या."

तिनं फोन ठेवला.

"बाबा, मीच केलं. रेघ वाकडी दिसत होती. मी कुंपण सरळ केलं."

वडिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळीच त्यांनी शेजाऱ्यांना अंगणात बोलावून ते कुंपण दाखवलं होतं. माझ्या लेकीचा हात बघा म्हणाले होते.

"दोरी लावून?"

"हो."

ती कामाला लागली त्या दिवशी त्यांनीच आपली दोरी तिच्या हातात ठेवली होती.

"माझीच ना?"

"तुमचीच."

त्यांनी तोंड फिरवलं. समोर त्याच दोरीनं त्यांनी उभारलेली भिंत होती, आणि ती मधोमध तडकली होती.