खाचा असलेलं पान

आमच्याकडे वरच्या मजल्यावर डोकं चालतं आणि खालच्या मजल्यावर कात्री. जाऊबाई वर कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने आखतात, खाली माझा नवरा मशीनवर कापड कापतो, आणि मधल्या जिन्यात पेनड्राइव्ह घेऊन मी धावते. नमुना तयार झाला की जाऊबाई लोखंडी पट्टीने जमिनीवर ठोकतात. ठक ठक. म्हणजे, ये गं.

गुडघा गेल्यापासून त्यांना जिना बंद झालाय. हात शाबूत आहे, नजर माझ्याहून तेज आहे. पण गेल्या आठवड्यात त्यांनी वर बाही सुधारली आणि खाली पेनड्राइव्हवर जुनीच राहिली. नवऱ्याने कापडाची अख्खी थप्पी त्या जुन्या बाहीवर कापून टाकली.

मग तो वर गेला. "वहिनी, तुम्ही आता आराम करा. सोमवारपासून नमुने आखायला खाली नवा मास्तर बसवतोय."

"काय हो भाऊजी, आराम म्हणजे भिंतीकडे बघत बसायचं?"

कापड वाया गेलं होतं, त्याचा राग खोटा नव्हता. पण बाईला कामावरून काढायचं असलं की घरात नेमका 'आराम' हाच शब्द सापडतो, हे मी लिहून ठेवते.

मी म्हटलं, जिना बंद तर जिन्याची गरजच काढून टाकू. कपाटावर एक जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. त्यावर फुकट मिळणारी ओपन सोर्स प्रणाली बसवायची, सगळ्यांचा मिळून एकच फोल्डर करायचा. जाऊबाईंनी वरून त्यातच ठेवायचं, नवऱ्याने खालून त्यातच उघडायचं. नमुना एक, जागा एक.

"शनिवारी चालू करून दाखव," नवरा म्हणाला. "नाहीतर मास्तर येतोय."

प्रणाली चांगली होती. ती कशी बसवायची हे इंटरनेटवर लिहिणारे दिवटे होते. एकाने लिहिलं होतं, 'ही पायरी अगदी सोपी आहे', आणि पायरी लिहायचीच विसरला होता. दुसऱ्याच्या पानावरची बटणं माझ्या पडद्यावर नव्हतीच. कुठल्या जमान्यातली आवृत्ती धरून बसला होता कोण जाणे. तिसरा म्हणे, 'इथे आपल्या गरजेनुसार बदल करा.' अरे बाबा, माझी गरज तुझ्या भाषेत सांगता आली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते? ज्यांना येतं त्यांनी ज्यांना येतं त्यांच्यासाठीच लिहायचं, आणि आपण विचारलं की म्हणायचं, फुकट आहे ना? फुकटच्या शिडीलाही पायऱ्या लागतात.

थोडं ह्याचं, थोडं त्याचं असं करत मी तिघांचंही ऐकलं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. माझा कॉम्प्युटर तीन घरचा. जाऊबाईंच्या पडद्यावर फोल्डर दिसला खरा, पण काही ठेवायला गेलं की उत्तर यायचं, 'परवानगी नाही'.

"घरात घेतलंय पण बसू देत नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. "सासरच आहे गं हे."

मला हसू आवरेना. त्यांनी ती पानं बघायला मागितली.

"वाचत नाही मी. ह्यात खाचा कुठेत ते दाखव."

नमुन्याच्या कडेला बारीक खाचा असतात. बाहीची खाच अंगाच्या खाचेला जुळली की शिवणाऱ्याला कळतं, बरोबर चाललंय.

"माझी बाही शिवणाऱ्यासमोर मी बसलेली नसते," त्या म्हणाल्या. "म्हणून खाच. जुळली तर शीव, नाही तर थांब. ह्यांनी कुठे थांबायचं सांगितलंय का?"

तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघी खाचा शोधत बसलो. मी पानं उघडायची, त्या मान हलवायच्या. "नाही. हाही नाही. हा तर नुसता स्वतःची पाठ थोपटतोय."

शेवटी एक साधं, बिनचित्रांचं पान सापडलं. भाषा परकी, पण वाक्यं आखूड. वरच लिहिलेलं, हे कुठल्या आवृत्तीसाठी आहे आणि कोणासाठी नाही. प्रत्येक पायरीखाली एक ओळ: 'आता असं दिसायला हवं. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.' आणि सुरुवातीलाच: 'दुसरीकडचं अर्धंमुर्धं करून आला असाल तर सगळं पुसा आणि इथून सुरू करा.'

"एवढी मेहनत पुसू?" मी म्हटलं.

"उसवायला रडलीस तर सदरा उलटाच घालावा लागेल. नमुने माझ्या कॉम्प्युटरवर आहेतच. पूस."

मी पुसलं. आधी माणसांची नावं घालायची, मग फोल्डर करायचा, मग तो त्या माणसांच्या हवाली करायचा, असा क्रम होता. मी घर बांधून किल्ली कोणालाच दिली नव्हती. प्रत्येक पायरीला मी थांबले, जुळवलं, पुढे गेले. त्या पानावर लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. असेल कोणीतरी, जिला किंवा ज्याला आधी असंच रडवलेलं असेल.

शनिवारी नवरा हाताची घडी घालून मशीनपाशी उभा राहिला. त्याने फोल्डर उघडला. जाऊबाईंनी वरून ठेवलेली कॉलर आली.

"हं. एकदा आली," तो म्हणाला. "सुधारली तर?"

मी जिन्यातूनच ओरडले, "जाऊबाई, खाच सरकवा!"

तो बंद करून पुन्हा उघडतो तो खाच सरकलेली. त्याने जवळ जाऊन बघितलं, पडद्यावर पट्टीसुद्धा लावली. मग फोन उचलला आणि मास्तरला सांगितलं, येऊ नका.

तेवढ्यात वरून ठक ठक.

सवयीने मी पेनड्राइव्ह शोधायला लागले. नवऱ्याने छताकडे बघून हाक दिली, "आली हो वहिनी, कॉलर आली!"

"कॉलर कळली मला," वरून आवाज आला. "मास्तर येतोय का नाही ते सांगा."

"नाही येत."

वर खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला, आणि फोल्डरमध्ये बाही येऊन पडली.