धुतल्या ताटाचं पाणी

भर दुपारी सगळं चिडीचूप असताना भिंतीपलीकडून टण्ण असा बारीक आवाज आला. फुलपात्र ताटाच्या काठाला लागल्याचा. मग ताटातून बोट फिरल्याचा, गोल, सावकाश. मग घोट.

मी बाळाला पाजत बसले होते. माझ्या मांडीला टेकून आडवी झालेली उमी डोळे न उघडताच म्हणाली, "आई, अव्वा ताट पिऊन राहिली का?"

"गप झोप," मी म्हणाले. पण पोर बरोबर होती. पलीकडच्या खोलीत रत्नम्मा जेवण झाल्यावर ताटात थोडं पाणी घालायच्या, बोटानं सगळं ताट धुवायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. त्यांचे मालक मन्मथआप्पाही तसंच करायचे. त्यांच्या लिंगायतांत ती रीतच आहे.

दोघं दिवाळीनंतर आमच्याकडं राहायला आले. उदगीरच्या मोंढ्यात आप्पांचं आडत दुकान. पासष्टी झाली तसं ते पोरांच्या हवाली केलं, आणि मठातल्या महाराजांनी विचारल्यावर नवरा-बायको वर्षभरासाठी सेवेला निघाले. काम दोन. दुपारी दासोह, म्हणजे येईल त्याला जात न विचारता जेवू घालायचं. आणि संध्याकाळी कुणी ओट्यावर टेकलंच तर त्याला बसवण्णांचे चार शब्द सांगायचे. दुसऱ्या कामाला फारसं कुणी यायचं नाही. पहिल्याला पंचवीस-तीस माणसं, बहुतेक म्हातारी आणि पोरं.

आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत जागा होती. माझे मालक नायगावकडं तळ्याच्या कामावर गेले होते. दुष्काळी काम, महिन्यातून एकदा यायचे. घरात मी, दोन लेकरं आणि माझ्या सासूबाई, केवळाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी खोली दिली, पण उंबऱ्यात उभं राहून आधी बजावलं.

"ऱ्हावा खुशाल. पर माझ्या घरात कुणाच्या गळ्यात काही बांधायचं न्हाई."

आप्पांनी गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवला आणि हसले. "केवळाबाई, आम्ही बांधायला न्हाई आलो. वाढायला आलो."

"वाढा की. बघू किती दिवस वाढताव."

"वर्षभर. एक दिवस जरी चूल थंड ऱ्हायली तर त्याच दिवशीच्या बसनं माघारी. पोरास्नी बी हेच सांगून आलोय."

रत्नम्मांनी आप्पांकडं असं पाहिलं की मला कळलं, हे बोलणं त्यांनाही नवीनच होतं.

मला माहेर सोडून सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत मला कुणी "जेवलीस का" असं रत्नम्मांइतकं सारखं विचारलं नव्हतं. त्यांचा आणखी एक प्रश्न असायचा. दासोहाची भांडी पालथी घातली की त्या ओट्यावर पाय लांब करून बसायच्या आणि जो दिसेल त्याला विचारायच्या, "आज काय मिळालं?"

त्याचे नियम होते. कालचं चालायचं नाही. 'देवाची कृपा' असलं मोघम चालायचं नाही. आजचं, आणि बोट ठेवून दाखवता येईल असं पाहिजे.

आप्पा म्हणायचे, "आज मिठाचा अंदाज चुकला न्हाई."

रत्नम्मा म्हणायच्या, "पंचशीलाच्या सासऱ्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं." पंचशीला गावाच्या खालच्या अंगाला राहायची. सासऱ्याला हाताला धरून रोज आणायची.

उमी म्हणायची, "मला कांद्याचा मधला कोंब."

एकदा मी म्हणाले, "बाळ दोन तास सलग झोपलं," तर रत्नम्मांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे खरं."

आत्याबाईंना विचारलं की उत्तर ठरलेलं. "डोंबल मिळालं."

आत्याबाई दासोहाला कधी बसल्या नाहीत. "आम्ही पंगतीला बसणाऱ्यातले न्हाई, पंगत घालणाऱ्यातले," म्हणायच्या. उमीला मात्र मी पाठवायची, त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या. एका दुपारी उमीनं अव्वाचं बघून आपल्या ताटलीत पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि तोंडाला लावणार तोच आत्याबाईंनी दारातून येऊन तिच्या हातावर चापट मारली.

"खरकटं पाणी पितात व्हय? अन् ते पाणी पिलं की माणूस त्यांच्या देवाचं होतं. मग आपला देव वळख सुदिक दाखवत न्हाई. कळलं का?"

उमीनं ताटली तिथंच टाकली. रत्नम्मा जवळच वाढत होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली, ताटली उचलली आणि पुढं गेल्या.

संध्याकाळी मीच ओशाळून त्यांच्याकडं गेले. म्हणाले, "अव्वा, मनाला लावून घेऊ नका."

"कशाला गं? प्रसादाचा दाणा वाया जाऊ नये म्हणून पितो आम्ही, बाकी काही न्हाई त्यात. मला बी पहिल्यांदा लई घाण वाटली होती. लग्न झालं, पहिलीच पंगत, अन् मी ताटात भेंडी टाकलेली. सासू समोर. ते पाणी मी कसं पिलं माझं मला ठाऊक. अजून भेंडी आणू देत न्हाई मी घरात."

त्या हसल्या आणि मी पण हसले.

होळीनंतर पाण्याचे हाल सुरू झाले. आदल्या पावसाळ्यात, म्हणजे जो धड पडलाच नाही त्या पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमचा अहमदपूर तालुका उस्मानाबादमधून लातुरात गेला. आमच्या गावाला त्याचा फरक एवढाच पडला की शाळेत पेढे वाटले. बाजाराला आम्ही जात होतो तसं कंधारलाच जात राहिलो. पण आता टँकर मागायचा तर अर्ज कुठं करायचा हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आप्पा म्हणाले, "मी करतो. कलेक्टरसाहेबांना थेट लिहितो. तीस वर्षं पत्रव्यवहार केलाय."

त्यांनी दुकानाच्या पॅडवर झकास अक्षरात अर्ज लिहिला, गावानं अंगठे-सह्या केल्या, पाकीट पोस्टात पडलं. आणि सगळे वाट बघत बसले.

विहीर तळाला गेली. घरटी दोन घागरी ठरल्या. दासोहाला दोन वेगळ्या. एकीत ज्वारीच्या कण्या शिजायच्या, दुसरी पिण्याला आणि ताटल्या धुण्याला. घरून ताटल्या आणा म्हणून सांगून बघितलं, तर दोन दिवस निम्मी माणसं आलीच नाहीत. घरी तरी त्या धुवायला पाणी कुठं होतं?

तीन आठवड्यांनी अहमदपूरच्या बसनं टपाल आलं. पंगत बसलेली होती. आप्पांनी तिथंच उभ्यानं पाकीट फोडलं, मोठ्यानं वाचायला लागले आणि मधेच थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी हळू. अर्ज उस्मानाबादच्या कचेरीतून परत आला होता. आपलं गाव आता लातूर जिल्ह्यात आहे, तरी अर्ज तिकडं करावा.

आप्पांनी पॅडचा कागद उलटा-सुलटा केला. वरती लाल अक्षरात छापलं होतं, उदगीर, जिल्हा उस्मानाबाद. दुकानात नवीन पॅड छापल्यावर पोरं जुनं फेकायला निघाली होती, तेव्हा कोऱ्या कागदांचा तो गठ्ठा आप्पा पिशवीत घालून इकडं घेऊन आले होते. आणि डोक्यावर छापलेलं बघून हातानं पाकिटावरही तेच लिहिलं होतं.

"चूक माझी हाय," ते पंगतीला म्हणाले. "तीन आठवडे माझ्यामुळं गेले."

पंचशीलाचा सासरा कानानं कमी. त्यानं सुनेला विचारलं, "टँकर धाराशिवला गेला म्हनते का?"

"न्हाई मामा, कागद गेला."

"मग कागद माघारी आला, आता टँकर बी यील की."

सगळे हसले, आप्पा सोडून.

रत्नम्मा म्हणाल्या, "ताट धुऊन पिणाऱ्या माणसाच्या हातून कोरा कागद फेकवंल का? दोष त्यांचा न्हाई, त्यांच्या आईच्या शिकवणीचा हाय." तरी आप्पा हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी सरपंचांचा निरोप आला. विहिरीचं पाणी आणखी एक हात उतरलंय. उद्यापासून दासोहाला एकच घागर.

एका घागरीत कण्या शिजवल्या तर प्यायचं काय, ताटल्या कशात धुवायच्या? आणि ताटल्या धुतल्या तर शिजवायचं कशात? रत्नम्मांनी तीन-चार प्रकारे हिशोब केला. मी माझी अर्धी घागर देते म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "तू अंगावर पाजणारी हाईस. तुझं पाणी घेऊन मी कुणाला वाढू?"

सकाळी मी अंगण झाडायला गेले तर खोलीच्या दारात वळकटी बांधून ठेवलेली. वर आप्पांची छत्री. रत्नम्मा चुलीजवळ बसल्या होत्या, चूल पेटलेली नव्हती. आप्पा पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसले होते. बस साडेअकराला होती.

"अव्वा, खरंच निघालात?"

"त्यांनी शब्द दिलाय ना गं. पोरास्नी, महाराजांना. अन् तुझ्या सासूला."

घरात येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. ऐकलं, वात पुरी केली, मग उठल्या.

खोलीच्या दारात जाऊन त्यांनी वळकटीला पायानं हलवून बघितलं. "हे काय?"

"जाऊन राहिलो केवळाबाई," आप्पा म्हणाले. "तुम्ही म्हटलं होतं, बघू किती दिवस. पाच महिने झाले."

"मी म्हटलं व्हतं ते माझं मी बघीन. माझ्या दारातनं माणसं चूल थंड टाकून गेली, असं गावानं बोलायचं? माझ्या सासऱ्याच्या काळापासून या दारातनं कुणी उपाशी गेलं न्हाई." आणि रत्नम्मांकडं वळून, "घागर कुठाय?"

"भरून ठिवलीय."

"सगळी कण्यात घाला. प्यायला ज्यानं त्यानं आपल्या घरनं फुलपात्रभर आणायचं." मग माझ्याकडं बघून, "सिंधू, जा, खालच्या अंगाला सांगून ये."

"अन् ताटल्या?" रत्नम्मांनी विचारलं.

आत्याबाईंनी पदर खोचला. "ताटल्यांचं मी बघते."

चूल पेटायला दहा वाजून गेले. साडेअकराची बस चौकात भोंगा वाजवून गेली तेव्हा कण्यांना नुकती उकळी येत होती. आप्पा छत्री घेऊन आत गेले आणि छत्री न घेता बाहेर आले.

त्या दिवशी आत्याबाई पंगतीला बसल्या. स्वतःचं पितळी फुलपात्र घेऊन, पंचशीलाच्या सासऱ्याशेजारी, कारण जागा तिथंच होती. सगळ्या पंगतीचं लक्ष तिकडंच. जेवल्या. फुलपात्रातलं अर्धं पाणी प्यायल्या. उरलेलं ताटलीत ओतलं, बोट फिरवलं, कडेला चिकटलेली कणी सोडवली. ताटली दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि पिऊन टाकलं.

मग पदरानं तोंड पुसून सगळ्यांकडं बघत म्हणाल्या, "काय बघून राहिलाव? तमाशा हाय का? पाण्यानं धुतलेल्या ताटल्या आता राखेनं कोरड्या पुसल्या की झालं."

पंचशीलानं पहिल्यांदा केलं. मग पोरांनी, त्यांना तर खेळच झाला. म्हाताऱ्यानं केलं. सगळ्यांत शेवटी मी, बाळाला कडेवर घेऊन. कण्यांच्या पाण्याला किंचित मिठाची चव होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेच्या वहीचा कागद घेऊन स्वतः लातूरला गेले, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी टँकर आला. तोवर रोज एकाच घागरीवर चूल पेटली.

पण त्या पहिल्या दुपारी भांडी पालथी झाल्यावर रत्नम्मा ओट्यावर बसल्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं. आप्पा म्हणाले, "आज बस चुकली." पंचशीला म्हणाली, "आमचे मामा केवळाबाईच्या शेजारी बसून जेवले." मग रत्नम्मांनी दाराकडं मान वळवली. "केवळाबाई, आज काय मिळालं?"

"कण्यात मीठ कमी हाय, हे कळलं," आतून उत्तर आलं. 'डोंबल' नव्हतं, म्हणून रत्नम्मा माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसल्या.

दिवेलागणीला आत्याबाई रोजच्यासारख्या देव्हाऱ्यापुढं बसल्या. सकाळी वळलेली वात तेलात भिजवली, खंडोबाच्या टाकाला हळद लावली. उमी उंबऱ्यावर माझा पदर धरून उभी होती. इतर वेळी आजीच्या मांडीवर जाऊन बसणारी पोर आज पुढं जायला तयार नव्हती.

"जा की, आजीजवळ बस," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. आधी देव्हाऱ्याकडं बघितलं, मग आजीच्या पाठीकडं, मग माझ्याकडं. आणि तिला वाटलं तेवढ्या हळू आवाजात, पण आत्याबाईंचा काडी पेटवणारा हात थांबेल इतक्या स्पष्ट, म्हणाली:

"आई, आजीनं ते पाणी पिलं. मग आपला देव आता तिला वळखंल का?"