ड्रॅगन बिचारा टोप्या विकतो

शनिवारी ताईने आपल्या चष्म्यांच्या दुकानाला कुलूप ठोकलं आणि दारावर पाटी लटकवली, 'घरगुती कारणामुळे बंद'. कारण घरगुतीच होतं म्हणा. लहानपणी तिने आणि धाकट्या भावाने एकाच कंट्रोलरसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत जो गेम खेळला होता, त्याचा दुसरा भाग एकदाचा आला होता.

धाकटा आता रुग्णवाहिका चालवायचा. रजा टाकून, जिने धडाधड चढून तो हजर झाला.

"ताई, तो असेल ना गं?"

"असणारच. त्याच्याशिवाय गेम कसला?"

तो म्हणजे पहिल्या भागातला ड्रॅगन. त्याने नुसतं "या, जेवायला बसतोच आहे" म्हटलं, की धाकटा पलंगाखाली पळायचा.

पडदे ओढून दोघं बसली. सुरुवातीलाच नायकाचा घोडा भिंतीत घुसला आणि अर्धा तिथेच अडकला. बाहेर नुसती शेपटी हलत राहिली. "होतं असं," ताई म्हणाली. मग राजाने त्यांना गवत कापायला पाठवलं. कापून आणल्यावर अजून कापायला पाठवलं. "पुढे रंगेल," ताई म्हणाली, पण तिचा आवाज जरा बसला होता.

शेवटी बाजारात ड्रॅगन दिसला. एका गाडीमागे उभा राहून तो टोप्या विकत होता.

"नवी टोपी घेणार का?" त्याने गोड आवाजात विचारलं.

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, माझ्या ड्रॅगनचं पार मांजर केलं रे मेल्यांनी!"

धाकट्याने टोपी घेतली. ती नायकाच्या डोक्यावर न बसता वीतभर वर, हवेत तरंगत राहिली. नायक मान हलवेल तिकडे टोपी जरा उशिरानं जायची. ताईने ओठ दाबून धरले. धाकटा फस्सकन हसला, आणि मग दोघांचा बांधच फुटला. ताई हसत हसत सोफ्यावरून घरंगळली.

नेमके तेव्हाच तिचे यजमान घरी आले. ते रेडिओवर बातम्या वाचायचे. आवाज असा भारदस्त, की घरात मीठ मागितलं तरी कुणी वारल्यासारखं वाटे.

"काय झालं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भावोजी, एकदाच म्हणा ना," धाकटा हात जोडून म्हणाला, "या, जेवायला बसतोच आहे."

त्यांनी म्हटलं. खिडकीची तावदानं थरथरली. धाकटा किंचाळत टेबलाखाली गेला आणि ताईने टाळ्या पिटल्या. "अहो, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात!"

टीव्ही बंद झाला. भावोजी ड्रॅगन झाले, ओढलेला पडदा त्यांच्या अंगावर पंख होऊन आला, झाडणी तलवार झाली. ड्रॅगन मात्र मरायलाच तयार होईना. "ताज्या वृत्तानुसार," तो गरजला, "मी अजून जिवंत आहे!"

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आमचा दिवा हलतोय वर! काय चाललंय काय?"

ताईने श्वास घेत घेत सगळं सांगितलं. घोडा, गवत, टोपी, सगळं. काकूंनी शांतपणे ऐकलं. मग चपला काढल्या, आत आल्या आणि सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसल्या.

"मी राणी," त्या म्हणाल्या. "आणि गवत कापायला मी कुणालाही पाठवणार नाही."