गळती मोजायचा दिवस

माझी ताई शाळेत शिवण शिकवायची. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तिच्यानंतर मीही त्याच शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. तरी थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघं शाळेत जातोच. ताई कामासाठी जाते आणि मी तिची पिशवी धरायला.

इमारत जुनी आहे. उत्तरेकडच्या वर्गांत खिडक्यांची लाकडं सुकून आकसली आहेत. वारा सुटला की भिंतीवरचा नकाशा फडफडतो. वर्ग गरम ठेवणारा तळघरातला बॉयलर दिवसभर धापा टाकतो आणि त्याची ऊब बाहेरच्या झाडांना मिळते. ताई नोकरीला लागली त्याच हिवाळ्यात तिने चिंध्या भरून लांबलचक पिशव्या शिवल्या आणि दारांखाली ठेवल्या. मुलं त्यांना अजगर म्हणू लागली. मग खिडक्यांच्या फटींसाठी बोटाएवढे बारीक अजगर झाले आणि ताई झाली अजगरबाई. हे नाव तिला ठाऊक आहे. मला वाटतं, ते तिला आवडतही असावं. विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

यंदा शाळेने सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता. शाळांची ऊब वाया जाऊ नये म्हणून खिडक्या, छप्पर, बॉयलर बदलायला पैसे मिळणार होते. अनुदान मिळालं नाही तर उत्तरेकडचे वर्ग कायमचे बंद होणार होते आणि तिथली लहान मुलं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होती. एवढं आम्हा दोघांनाही माहीत होतं. पैसे कुठल्या इमारतींना मिळतात, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

शनिवारी मुख्याध्यापिका घरी आल्या. त्या ताईच्याच विद्यार्थिनी. अजूनही दारात चपला अगदी ओळीत काढून ठेवतात.

"बाई, सोमवारी गळती तपासायला माणूस येतोय."

"कसली गळती? आपल्या शाळेतून एक मूल गळत नाही," ताई म्हणाली.

"मुलांची नाही हो बाई, वाऱ्याची. इमारतीतून किती वारा गळतो ते मशीन लावून मोजणार आहेत. सगळं त्याच्यावरच आहे बघा." चहाही न घेता त्या घाईघाईने गेल्या.

ताईने चहाचं आधण उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "तपासणी आहे. ऊठ."

आमच्या पिढीला तपासणी म्हटलं की एकच कळतं. मोडका बाक कपाटामागे सरकवायचा, फाटक्या नकाशावर चांगला नकाशा टांगायचा, खोकणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर बसवायचं. तपासणी म्हणजे दोष झाकायचा दिवस. रविवारी दुपारी ताईने रखवालदाराकडून किल्ल्या घेतल्या. जुने अजगर बाहेर काढले, चेपलेले पुन्हा भरले, लाकडाच्या रंगाच्या कापडात गुंडाळले आणि बोथट सुरीने फटीत असे ठोकून बसवले की चौकट आणि कापड वेगळं ओळखू येईना. प्रत्येक खिडकीशी ती हाताचा मागचा भाग ओला करून धरायची. गार लागलं की म्हणायची, "अजून येतंय. दे चिंधी."

मधेच माझ्या मनात आलं, गळती तपासायला येणार आहेत तर ती बुजवून कसं चालेल? पण मला शंका कशाचीही येते. घराला कुलूप लावलं की नाही, हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत जातो. तेव्हा या शंकेलाही मी त्याच शंकांमध्ये जमा केलं आणि चिंधी दिली.

सोमवारी तो माणूस आला. तरुण, बोलका. मुख्य दाराच्या चौकटीत त्याने जाड कापड ताणून बसवलं, त्याच्या मधोमध आतली हवा बाहेर ओढणारा एक मोठा पंखा लावला, बाकीची दारं आणि खिडक्या बंद करायला लावल्या आणि पंखा सुरू केला. मुलं कोट घालून मैदानात उभी होती. मुख्याध्यापिका, ताई आणि मी व्हरांड्यात. तो हातातल्या यंत्राकडे बघत राहिला. मग त्याने पंखा बंद केला.

"छान आहे की हो इमारत. दिसते त्या मानाने फारच छान."

ताईचा चेहरा असा फुलला! "मग? तुम्हाला काय वाटलं?"

"वाईट एवढंच की यादीत नाही बसणार. ज्या इमारती जास्त गळतात, त्यांनाच पैसे आहेत. तुम्हाला गरज नाही."

मुख्याध्यापिका मुलांच्या एका बुटक्या बाकावर खाली बसल्या. गुडघे पार छातीशी आले. ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या माणसाकडे.

"म्हणजे गळती जास्त निघायला हवी होती?"

"हो बाई," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं की. गळतीवरच सगळं आहे, म्हटलं ना."

"अगं, गळती जास्त हवी असं शाळेत कुणी म्हणतं का कधी? जन्मभर आपण शेरे लिहून घेतले, गळती नाही, गळती नाही!"

ताई व्हरांड्याच्या खांबाला हात लावून उभी राहिली. मग त्या माणसाला म्हणाली, "मी बुजवलंय सगळं. या माझ्याबरोबर."

तिने त्याला पहिल्या वर्गात नेलं आणि खिडकीच्या फटीतून नखाने कापडाचं टोक उचकटून दाखवलं. तो वाकून बघत राहिला.

"हे मला दिसलंच नाही, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? बाई म्हण."

"बाई. सुटं कापड काढूनच मोजायचं असतं. इमारतीला पक्कं जोडलेलं असेल तेवढंच धरतात. काढलंत तर मी पुन्हा मोजेन."

"म्हणजे इतकी वर्षं हे इमारतीत नव्हतंच?"

"नियमाप्रमाणे नाही," तो म्हणाला, आणि बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

मुख्याध्यापिका मोठ्या मुलांना हाक मारणार, तोच ताईने त्यांना अडवलं. "मी घातलेत, मी काढीन." नवीन खिडक्या आल्या की शाळेला तिची गरज उरणार नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिला ते आधीच कळलं होतं. तिच्या हातांवरून तसं वाटलं. ती घाई करत नव्हती आणि रेंगाळतही नव्हती.

एकेक अजगर बाहेर येऊ लागला. मी पिशवी धरली होती. माझ्या जुन्या कोटाचं अस्तर निघालं, कुणाच्या तरी गणवेशाची बाही निघाली. शेवटच्या वर्गात राखाडी पट्ट्यांच्या कापडाचा एक अजगर निघाला. तो भाऊजींचा शर्ट होता. भाऊजी गेले त्या हिवाळ्यात तिने तो फाडला होता. तिने तो पिशवीत टाकला नाही. घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला.

दाराखालचे अजगरही उचलले. पुन्हा पंखा सुरू झाला. या वेळी आम्ही त्या शेवटच्या वर्गातच होतो. सगळ्या फटींतून वारा शीळ घालत आत घुसला, नकाशा भिंतीपासून सुटून उभा राहिला, टेबलावरचे कागद उडाले. तो माणूस यंत्र घेऊन आत आला आणि आकडा बघून म्हणाला, "गळते हो. भरपूर गळते. यादीत अगदी वर याल." मुख्याध्यापिका पदराने डोळे पुसायला लागल्या. गळतीचं कौतुक झालेली आमची बहुधा पहिलीच शाळा.

ताई खिडकीपाशी होती. सवयीने तिने हाताचा मागचा भाग ओला करून फटीशी धरला आणि लगेच मागे घेतला.

"नवीन खिडक्या कधी बसतील?"

"मंजुरी वगैरे धरून, पुढच्या उन्हाळ्यात."

मैदानातून मुलं आत आली होती. बाकांवर बसून त्यांनी कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

"आणि हा हिवाळा?" ताईने विचारलं.

त्या माणसाने कापडी दार गुंडाळायला घेतलं. "माझं मोजून झालंय, बाई. आता तुम्ही काय भरता, ते मी कशाला बघू?"

ताई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. पिशवीतून सुई काढून तिने माझ्यापुढे धरली. अलीकडे तिला सुईचं नाकं दिसत नाही.

"ओवून दे."

मी चष्मा वर केला. पहिल्यांदा दोरा बाजूनेच गेला, दुसऱ्यांदाही. मुलं बघत होती. तिसऱ्यांदा गेला. तोवर तिने खिशातला पट्ट्यांचा अजगर मांडीवर उलगडला होता आणि उसवलेलं तोंड चिमटीत धरलं होतं.

"आधी हा घालू," ती म्हणाली. "या खिडकीतून फार येतं."