बागमांडल्याच्या पुढं

वाल्मिकचा डावा डोळा गेला तसा मनोजनं, त्याच्या मुलानं, टेंपो विकून टाकला. तेव्हापासून वाल्मिकचा पाय पोशीरच्या घरात ठरेना. चहा झाला की तो नेरळच्या रस्त्यापर्यंत जायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचा आणि मागे फिरायचा. भात झोडून घरात आलं होतं. शेतावर जाण्याचं निमित्तही उरलं नव्हतं.

खोपोलीच्या एका गोदामातून किनाऱ्यावरच्या दुकानांना औषधं पोचवण्यात त्याचं सारं वय गेलं होतं. दिवेआगर, श्रीवर्धन, मग बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, खाडीपलीकडं वेसवी, पुढं केळशी, हर्णै. आरावीला समुद्र रस्त्याच्या इतका जवळ येतो की पावसाळ्यात काचेवर मीठ साचतं, हे तो जेवताना सांगायचा. त्याची बायको भागूबाई भाकरी थापता थापता ऐकायची.

"दारात येरझारा घालन्यापरीस एकदा जाऊन या की," एका सकाळी ती म्हणाली.

"कशानं जाऊ? गाडी कुठं हाय?"

"एस्टी हाय ना. आन् मी पन येते. नावं ऐकून कान किटले, एक गाव तरी बघू द्या."

मनोज कुरकुरला, पण त्यानं दोघांना कर्जतच्या स्टँडवर सोडलं.

एस्टीत वाल्मिकला चैन पडेना. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा. "इथं उतारावर गेर टाकायचा असतो," तो पुटपुटला.

"गप बसा हो. तो चालवतोय ना," भागूबाई म्हणाली.

श्रीवर्धनला औषधाच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं. जुन्या मालकाचं नाव तिथल्या पोराला ठाऊक नव्हतं. वाल्मिक तिथं उभाच राहीना. "खरं ते पलीकडं हाय," तो म्हणाला. "वेसवीच्या पुढं. चल."

रिक्षानं ते बागमांडल्याच्या जेटीवर आले. बोट लागलेलीच होती. भागूबाई मात्र काठावरच्या दगडावर बसली.

"बोट सुटंल," तो म्हणाला.

"सुटू द्या. सकाळपासनं नुसती पळापळ चाललीय. पानी कुठं पळून जातंय? तुमाला जायाचं तर जाऊन या."

तो खरंच गेला. वेसवीला उतरल्यावर समोर तोच चढाचा रस्ता होता. बोटीतल्या गाड्या एकेक करून वर निघून गेल्या आणि तो रिकाम्या हातांनी बाजूला उभा राहिला. कुणाची ऑर्डर नव्हती, कुणी वाट बघत नव्हतं. बोटीचा भोंगा वाजला तसा तो परत चढला.

अलीकडं दगडावर भागूबाई नव्हती. तिची पिशवी चहाच्या टपरीवर होती.

"तिकडं गेल्या, किनाऱ्या-किनाऱ्यानं," टपरीवाली म्हणाली.

तो पुढं निघाला, पण शेवाळलेल्या दगडांवर एका डोळ्याला अंदाज येईना. परत येऊन बसला. उठला. पुन्हा बसला. टपरीवालीनं दिलेला चहा तसाच निवला. आपली गाडी घाटात अडकायची तेव्हा ही घरी काय करत असेल, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ते कधी विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओच्यात तिसऱ्यांच्या ओल्या शिंपल्या.

"कुठं गेलतीस?"

"पुढं. ओहोटी लागलीय. बाया चिखलातून शिंपल्या काढत व्हत्या, त्यांच्यात गेले."

"सांगून जायाचं ना."

"कोनाला सांगू? तुमी तर बोटीत." तिनं टपरीवालीच्या पातेल्यात तिसऱ्या ओतल्या, हात पुसले आणि खाडीकडं बघितलं. "तिकडं काय हाय?"

"चढ हाय. रस्ता हाय." त्याला आता बसायचं होतं.

"मग चला की. राहू कुठंतरी रातचं. मनोजला फोन करा."

पुढच्या बोटीत ती पार पुढं जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. वाल्मिक तिच्यामागं आला आणि हात लांब करून सांगू लागला, ती बाणकोटची बाजू, तो डोंगर, त्याच्याआड...

"सांगू नका आता," ती मागं न बघता म्हणाली. "मला बघू द्या."